डब्यातले तीन धोंडे

फार पूर्वी, माणसं आपापल्या गावात राहायची आणि डबे मात्र गावोगाव हिंडायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक दोर वळणारा राहत होता. त्याचं नाव याकोब. अंबाडीचे असे चिवट दोर वळायचा की बैल म्हातारा व्हायचा, पण कासरा तुटायचा नाही. त्याच्या बायकोचं नाव रिबका. दोन लेकरं, एक शेळी, ओसरीवर दोरांची भेंडोळी आणि चुलीमागच्या फळीवर एक पितळी डबा, असा त्यांचा संसार. गोष्ट त्या डब्याची आहे, म्हणून आधी त्याची नीट ओळख करून घेऊ.

डबा रिबकेच्या माहेरचा होता. चांगला कळशीएवढा. झाकण इतकं घट्ट की उघडताना तो कुरकुरायचा, आतून कल्हई आणि एका अंगाला मोठा पोचा. तो पोचा तिनंच पाडलेला. तिचा बाप शांतवन खिंडीपलीकडच्या गावात राहायचा. त्याचा विहिरीवरचा मळा होता. लहानपणी रिबका याच डब्यातून बापाच्या आणि मोटेवरच्या गड्यांच्या भाकरी घेऊन मळ्यात जायची. डबा तिच्याहून थोरला, दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागायचा. एकदा बांधावरून पाय घसरला आणि डबा गडगडत पाटात गेला. बाप धावत आला, तो आधी तिच्या गुडघ्याकडे बघायला. डब्याकडे कुणी संध्याकाळपर्यंत बघितलं नाही.

चिंचेखाली सगळे जेवायला बसत. जेवण झालं की शांतवन हात धुवायचा, पोटावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, पोरी, पोट भरलं बघ माझं, हा चतकोर उरला, डब्यात तसाच परत गेला तर तुझी आई मला बोलेल, तू संपव. चतकोर भाकरी, वर गुळाचा खडा. रिबका तो बांधावरून चालता चालता खायची आणि रिकामा डबा वाजवत, उड्या मारत घरी जायची. पहाटेपासून मोट हाकणाऱ्या माणसाचं पोट तीन चतकोरांवर भरत नसतं, हे तिला कळलं तेव्हा तिला स्वतःची लेकरं झाली होती.

बापानं चतकोर दिला, तसा आईनं एक धडा दिला. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. कुणाकडून खिरीची वाटी आली तर ती धुऊन, पुसून, तिच्यात काहीतरी घालूनच परत जायची. साखर असेल तर साखर, नसेल तर चार शेंगा, तेही नसेल तर परसातली दोन वांगी. तेव्हा सगळीकडे हीच रीत होती. वाट्यांना बिचाऱ्यांना रिकामं राहणं ठाऊकच नव्हतं. भांडणं व्हायची, बोलाचाली बंद व्हायच्या, पण वाट्या चालू राहायच्या, आणि पुष्कळदा भांडण मिटायचं ते त्या वाट्यांमुळेच. आता वाट्याही घरातच बसतात आणि माणसंही. असो.

लग्नानंतर रिबका सासरी आली तेव्हा शेंगदाण्याच्या लाडवांनी गच्च भरलेला हा डबा तिच्याबरोबर आला. तेव्हापासून त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. डबा नेणारी होती एक कासारीण. तट्टावर बांगड्यांच्या माळा लादून ती खिंडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांत बाजाराच्या दिवशी फिरायची. डबा नेण्याबद्दल ती काही घेत नसे. फक्त आत काय आहे ते तिला कळायला हवं. उघडून नाही हं, तेवढी ती सभ्य होती. हातात तोलून बघायची, कानाशी धरून हलवायची आणि आवाजावरून ओळखायची. हे हुलगे. ही साळीच्या लाह्यांची पुरचुंडी. मग ते वर्तमान दोन्ही गावांत पोचवायची, बांगड्यांबरोबर.

बापाकडून डबा यायचा तो लाडू, सांडगे, नव्या गुळाची ढेप, कधी मळ्यातले पेरू घेऊन. रिबका तो रिकामा करायची आणि आईच्या शिकवणीप्रमाणे भरून परत धाडायची. हुलगे, लाह्या, याकोबनं वळलेली दाव्यांची जोडी. आई गेली, तरी तिचा धडा राहिला. डबा भरून बाहेर पडला की रिबकेची मान ताठ व्हायची. मी माहेरचं नुसतं खात नाही, देतेही, असं तिला वाटायचं.

मग एक वर्ष पाऊस फिरकलाच नाही. अंबाडी गुडघ्याएवढी होऊन वाळली. अंबाडी नाही म्हणजे दोर नाहीत. शेळी आटली. आणि त्यातच याकोब शिंदीच्या झाडावरून पडला. झावळ्या काढायला चढला होता, अंबाडी नाही तर झावळ्यांच्या केरसुण्या तरी वळू म्हणून. पाय मोडला. गावच्या वैद्यानं कळकाच्या कामट्या बांधून त्याला खाटेवर निजवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं.

घरातलं एकेक मडकं उपडं झालं. ज्या दिवशी बापाकडून आलेला शेवटचा लाडू दोन लेकरांत वाटला, त्या दिवशी रिबकेनं डबा घासला, उन्हात वाळवला आणि परत धाडायला हातात घेतला. मग घरभर फिरली. त्यात घालायला घरात काहीही नव्हतं. तिनं डबा फळीवर ठेवून दिला.

पुढच्या बाजारी कासारीण आली. डबा कुठाय, तिनं विचारलं. रिबका म्हणाली, कल्हईला द्यायचाय. त्याच्या पुढच्या बाजारीही कल्हईवाला यायचाच होता. कासारीण चतुर बाई. तिनं विचारलं, एवढी कसली कल्हई गं, त्यात काय विष शिजवायचंय? रिबका नुसती हसली, आणि याकोबच्या पायाचं विचारलं तर बरा होतोय एवढंच सांगितलं. डबा जात नव्हता, म्हणून भरून येतही नव्हता. दुपारी लेकरं निजली की ती झाकण काढून आत तोंड घालायची. माहेरचा वास अजून थोडा उरला होता. भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा.

याकोब खाटेवरून म्हणायचा, मामांना निरोप धाड. ते काय परके आहेत? पण ती ऐकत नव्हती. रिकाम्या डब्याबरोबर निरोप कसा धाडायचा, हे त्यानं तिला सांगावं, असं ती म्हणायची. मग याकोब विषय सोडून द्यायचा. तोही याच रीतीत वाढलेला होता.

गावात ख्रिस्ताचं एक लहानसं देऊळ होतं, शेणानं सारवलेलं, चिंचेच्या फांदीला घंटा टांगलेली. दरसाल तिथं कापणीचा सण व्हायचा. घरोघरचे लोक पहिल्या पिकातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवायचे. कणसं, भोपळा, कोंबडीची अंडी. दुष्काळातही लोकांनी मूठ मूठ आणलं. रिबका त्या दिवशी घरी बसली. देवळातले पाळक चौकशीला आले तेव्हा अंगात कणकण आहे म्हणाली. देवाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं तरी कसं?

आणि जी गोष्ट डब्याची झाली, तीच हळूहळू प्रार्थनेची झाली. रोज तिन्हीसांजेला ती लेकरांना घेऊन प्रभूची प्रार्थना म्हणायची. स्वर्गातल्या बापाकडे रोजची भाकर मागायची ओळ आली की तिची जीभ अडखळायची. आधी ती म्हणायची, देवा, पाऊस दे, मग मी अमुक देईन. याकोबचा पाय बरा कर, मग तमुक देईन. पुढे पुढे कबूल करायलाही काही उरलं नाही. मग तिनं ती ओळच गाळली. थोरली लेक दीना हुशार. ती म्हणाली, "आये, भाकरीची ओळ राहिली."

"राहू दे," रिबका म्हणाली.

अशात एक दिवस कासारीण खिंडीपलीकडून निरोप घेऊन आली. शांतवननं सांगितलं होतं, भुईमूग निघालाय, थोडाच आहे पण गोड आहे, डबा धाड, म्हणजे लाडू भरून देतो. परतताना मी डबा नेणार, कल्हई झाली असो वा नसो, असं कासारणीनं बजावलं आणि ती बांगड्या भरायला पाटलाच्या वाड्याकडे गेली.

रिबका डबा पुढ्यात घेऊन बसली. आज डबा जाणार हे नक्की. रिकामा दिला तर कासारीण तो उचलताक्षणी ओळखणार, आणि दिवस मावळायच्या आत दोन गावांना कळणार की दोरवाल्याच्या बायकोनं बापाला रिकामं भांडं धाडलं.  तेवढ्यात तिची नजर मागच्या अंगणात गेली. तिथं तीन धोंड्यांची एक लहान चूल होती, दूध तापवायची. शेळी आटल्यापासून ती पेटलीच नव्हती. दोन मुठींएवढे ते धोंडे. रिबका उठली, तिन्ही धोंडे उचलले, जुन्या लुगड्याच्या धडप्यात घट्ट गुंडाळले की वाजू नयेत, डब्यात बसवले, झाकण लावलं आणि वरून फडकं बांधलं.

आप्पा, म्हणजे तिचा बाप, डबा उघडतील तेव्हा काय म्हणतील, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला. पण लाजेला लांबचं दिसत नाही, दारातलं तेवढं दिसतं. आणि दारात कासारीण उभी होती.

कासारणीनं डबा उचलला आणि तिच्या भुवया वर गेल्या. हलवून बघितला, आवाज नाही. आत काय आहे, तिनं विचारलं. रिबका म्हणाली, "आप्पांसाठी हाय. त्यांनीच उघडायचं."

झालं. कासारीण वेशीपर्यंत सांगत गेली, दोरवाल्याचं बरं चाललंय हो, डबा उचलवेना मला. हे रिबकेच्या शेजारणीनंही ऐकलं. तिला बरेच दिवस संशय होता की या घरात चूल नीट पेटत नाही. त्या दिवशी तिनं सुपात चार मुठी पीठ काढून ठेवलं होतं, तिन्हीसांजेला गुपचूप नेऊन देऊ म्हणून. कासारणीचं बोलणं ऐकून तिनं ते पीठ परत मडक्यात ओतलं. रिबकेला यातलं काहीच कळलं नाही. तिला एवढंच कळलं की त्या रात्री लेकरं आंबील पिऊन निजली, आणि आंबिलीत आंबील कमी, पाणी जास्त होतं.

डबा गेला आणि तिची झोपही गेली. तिच्या डोळ्यांपुढे सारखं तेच दिसायचं. आप्पा चिंचेखाली बसलेत. फडकं सोडतात. गडी भोवती उभे, लेकीनं काय धाडलं बघायला. झाकण कुरकुरतं, आणि आत धोंडे. ज्यानं स्वतःच्या तोंडातला चतकोर काढून दिला, त्याच्या पुढ्यात आपण धोंडे वाढले, असं मनात येऊन ती पदर तोंडात कोंबून रडायची. याकोबनं विचारलं तरी तिनं सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

शेवटी एक दिवस आला जेव्हा घरात फक्त बियाण्याची ज्वारी उरली. ती आढ्याला कणगुलीत टांगलेली होती. बियाणं खाल्लं की पुढचं वर्षही गेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण धाकटा पोर सकाळपासून रडायचाही थांबला होता, आणि ते रडण्याहून वाईट होतं. रिबकेनं कणगुली खाली काढली. याकोबनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती जात्याशी बसली, पहिली मूठ घेतली. तिचा हात जात्याच्या तोंडाशीच थांबला.

तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली.

ती घुंगरं तिच्या ओळखीची होती. बैलांच्या गळ्यात बांधताना तिनंच लहानपणी हट्टानं दोन जास्तीची ओवायला लावली होती. रिबका दारापर्यंत गेली आणि तिथंच खांबाला धरून उभी राहिली. शांतवन गाडीतून उतरत होता. आता म्हातारा झाला होता, उतरताना एक हात चाकावर टेकवत होता. गाडीत ज्वारीची पोती होती, भुईमूग होता, कडब्याखाली झाकलेली गुळाची ढेप होती. आणि सगळ्यांच्या वर पोचा पडलेला तो डबा.

 शांतवननं तो उचलून आणला आणि तिच्या पायाशी ठेवला. डबा जड होता, ठेवताना जमिनीवर धप्प आवाज झाला. रिबकेला वाटलं, धोंडे परत आले. बरोबरच आहे, आपण जे दिलं तेच यायचं. तिनं मान खाली घालून फडकं सोडलं. झाकण कुरकुरलं. आत लाडू होते, झाकणाला टेकतील इतके, एकाला एक चिकटून बसलेले. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास घरभर गेला आणि धाकटा पोर खाटेखालून रांगत बाहेर आला.

"आप्पा," ती कशीबशी म्हणाली, "म्या तुम्हाला धोंडे धाडले."

"व्हय," शांतवन म्हणाला. खांद्यावरची घोंगडी त्यानं खाली उतरवली. तिच्यात ते तिन्ही धोंडे होते. तो मागच्या अंगणात गेला. मातीत तीन खळगे अजून तसेच होते. गुडघे टेकून त्यानं एकेक धोंडा आपापल्या खळग्यात बसवला, काळी बाजू आत, आणि हात झटकत म्हणाला, "तिन्ही धोंडे एका अंगानं काळे होते, पोरी. पेटत्या चुलीचे धोंडे कुणी काढून डब्यात घालत न्हाई. म्या उघडलं अन् समदं समजलो. तशीच गाडी जुंपली."

तिनं विचारलं, राग नाही का आला. तो म्हणाला, आला की, पण स्वतःचा. इतकी वर्षं तुझे हुलगे, लाह्या बघायचो आणि मनाशी म्हणायचो, लेक सुखात हाय. कधी विचारलं नाही. आणि मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकीनं बापाला धोंडा धाडला, म्हणून बाप लेकीला धोंडा देईल व्हय?"

रिबका आता उघडच रडत होती. रडता रडता तिनं तेच म्हटलं जे ती इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. रिकामा डबा कसा धाडायचा? आईनं काय शिकवलं होतं? शांतवननं मान डोलावली.

"तुझी आई खरं तेच सांगायची. पण ती शेजारणीच्या भांड्याचं सांगत होती. शेजारणीला भरून द्यावं, त्यानं शेजार टिकतो. बापाचं तसं नसतं. लहान होतीस तवा माझा डबा रोज रिकामा करायचीस अन् उड्या मारत घरी न्यायचीस. तवा लाज वाटली न्हाई तुला. मग मधीच तू माझी शेजारीण कवा झालीस?"

 रिबका खालीच बसली, बापाच्या पायांशी, मातीत, त्या तीन धोंड्यांपाशी. लहानपणी गुडघा फुटल्यावर बसली होती तशी. तिला एकदम आठवलं, तेव्हाही आप्पांनी डब्याचं काही विचारलं नव्हतं.

मग शांतवननं गाडीतून एक गाठोडं आणलं. आत लहान लहान पुरचुंड्या होत्या. हुलग्यांच्या, लाह्यांच्या, आणि याकोबनं वळलेली दावीही, एकही न वापरलेली. रिबकेनं इतक्या वर्षांत परत धाडलेलं सगळं त्यानं उतरंडीत जपून ठेवलं होतं. लाह्या केव्हाच मऊ पडल्या होत्या. ज्या परतफेडीपायी तिची मान ताठ व्हायची, ती सगळी मिळून एका गाठोड्यात मावली होती. रिबकेला हसू आलं. तुम्ही हे खाल्लं का नाही, तिनं विचारलं. "तुझं तुला लागंल कधी," तो म्हणाला, "म्हणून ठेवलं."

बियाण्याची कणगुली परत आढ्याला गेली. लहान चूल पेटली, मोठीही पेटली. याकोबनं खाटेवर उठून बसत भाकरी खाल्ली आणि सासऱ्याला एवढंच म्हणाला की मामा, पाय बरा झाला की तुमच्या मोटेला असा नाडा वळून देतो की नातवंडं वापरतील. शांतवन म्हणाला, आधी पाय.

तिन्हीसांजेला सगळे प्रार्थनेला बसले. दीनाला गप्प राहवेना. तिनं आजोबांना सांगून टाकलं की आई भाकरीची ओळ म्हणत नाही. म्हाताऱ्यानं लेकीकडे बघितलं. रागावला नाही, उलट त्याच्या मिशा हलल्या.

"तिला वाटतं, देव शेजारी राहतो," तो म्हणाला.

सगळे हसले, रिबकाही हसली. मग प्रार्थना सुरू झाली. भाकरीची ओळ आली तशी सगळ्यांनी आवाज खाली घेतला आणि रिबकेनं ती एकटीनं म्हटली. कसलं वचन नाही, कसला नवस नाही. दोन्ही हात उघडे, रिकामे. भाकर मागावी आणि ती मिळावी, एवढंच. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच वाटलं की वर कुणीतरी आपला माणूस ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला लाडू नेऊन दिले आणि सगळं खरं खरं सांगितलं, धोंड्यांसकट. शेजारीण कपाळावर हात मारून पिठाची गोष्ट सांगायला लागली, आणि मग दोघी ओसरीवर बसून इतक्या हसल्या की याकोबनं आतून विचारलं, काय झालं. त्या दुष्काळात नंतर त्या गल्लीत एकाही घरानं दुसऱ्या घरापासून थंड चूल लपवली नाही. शांतवनची पोती सहा घरांत वाटली गेली. सहाही घरं तगली.

आणि डबा? तो पुढच्या बाजारी कासारणीच्या हाती गेला. तिनं सवयीनं तोलला, कानाशी धरून हलवला. मग रिबकेकडे बघितलं. "रिकामा हाय गं हा."

"व्हय मावशी," रिबका म्हणाली. "रिकामाच हाय. माझ्या बापाकडं चाललाय."

कासारणीनं तोंड उघडलं, आणि तिच्या जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. डबा तिनं तट्टावर बांधला, आणि वाटेत तो रिकामा ठणठण वाजत राहिला, रिबका लहानपणी बांधावरून वाजवत न्यायची तसा.

पुढच्या वर्षी पाऊस आला. राखलेलं बियाणं पेरलं गेलं, ज्वारी डोक्याला लागली, आणि कापणीच्या सणाला रिबका कणसांची पाटी घेऊन देवळात गेली. पण आता पाटी वाहताना तिच्या मनात देणं फेडल्याचा भाव नव्हता. लेकरू बांधावर सापडलेलं रानफूल बापाला दाखवायला धावत नेतं, तशी ती गेली. फूल नसतं तर तशीच गेली असती, हे तिलाही ठाऊक होतं.

शांतवनला जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या खिंडीतून आता तट्टू जात नाही, आणि पितळेला कल्हई लावणारा माणूस शोधूनही सापडत नाही. पण दीनाचं लग्न झालं तेव्हा पोचा पडलेला तो डबा लाडवांनी भरून तिच्याबरोबर गेला, एवढं मात्र नक्की. दीना गुणी पोर. तिनं तो महिनाभरानं धुऊन, पुसून, तांदूळ भरून परत पाठवला. रिबकेनं तांदूळ काढून घेतले, डब्यात लाडू भरले, आणि अगदी वर, झाकणाखाली, एका चिंधीत गुंडाळून मागच्या अंगणातल्या चुलीचा एक काळा धोंडा ठेवला. दीनाला ती गोष्ट पाठ होती. त्यानंतर तिच्याकडून डबा आला तो कायम रिकामा आला, आणि आईच्या घरून दरवेळी लाडवांनी भरून परत गेला.

तात्पर्य: शेजाऱ्याचं भांडं भरून परत करावं, पण बापाकडे रिकामं भांडंही निःसंकोच घेऊन जावं. देव आपला शेजारी नाही, बाप आहे.